मधली पायरी मराठीतच आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी माध्यमाच्या मुलांचं इंग्रजी कच्चं का राहतं, यावर दर जूनमध्ये चर्चा होते. शब्दसंग्रह कमी, अवांतर वाचन नाही, घरात कोणी बोलत नाही, ही कारणं आता सगळ्यांना पाठ झाली आहेत आणि त्यात तथ्यही आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतून इंग्रजीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. आता कऱ्हाडला राहत्या घरी संध्याकाळचे वर्ग घेते. नर्सिंगला गेलेल्या मुली, मुलाखतीची तयारी करणारे पदवीधर, अधूनमधून सहावी-सातवीची मुलं असे सगळे येतात. या सगळ्यांची गाडी एका ठरावीक जागी अडते, आणि त्या जागेविषयी कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हे पत्र.

एखाद्या गोष्टीचा आपल्यावर काय परिणाम झाला, हे सांगणारी वाक्यं ही ती जागा. भीती वाटली, कंटाळा आला, धक्का बसला, लाज वाटली, हुरूप आला. माणूस दिवसभर बोलतो त्यातलं निम्मं बोलणं हेच असतं. 'राम आंबा खातो' याचं इंग्रजी सातवीतला मुलगा झोपेतही करून दाखवेल. त्यालाच विचारा, 'मला गणिताचा कंटाळा येतो' हे इंग्रजीत कसं म्हणशील? तो थांबतो. मग धीर करून म्हणतो, 'आय ॲम बोअरिंग इन मॅथ्स.' पदवीधर मुलगा अर्जात लिहितो, 'आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब.' एका सहावीतल्या मुलाने परीक्षेच्या भीतीबद्दल लिहिलं होतं, 'टू मी फिअर ऑफ एक्झाम इज कमिंग.' या वाक्याला लाल शाईने काट मारण्याआधी ते नीट वाचायला हवं, कारण त्या मुलाने मराठीचं व्याकरण अगदी चोख पाळलं आहे.

'मला परीक्षेची भीती वाटते' हे वाक्य उलगडून पाहू. यात तीन जणांना जागा आहे. माणूस 'ला' लावून बसला आहे. ज्याच्यामुळे हे घडलं ती परीक्षा 'ची' लावून बसली आहे. आणि भीती स्वतः नाम म्हणून मध्ये उभी आहे; क्रियापद तिच्याच लिंगवचनाने चालतं. भीती वाटली, राग आला, हसू आलं. आपल्याकडे भावना येतात, वाटतात, बसतात, लागतात, पडतात. धास्ती बसते, ओढ लागते, भुरळ पडते, रडू कोसळतं. यात कुठेही माणूस कर्ता नाही. तो बिचारा 'मला' म्हणून बाजूला असतो आणि सगळं त्याच्याकडे चालत येतं.

इंग्रजीत अशा ठिकाणी बहुधा दोघांनाच जागा असते. भावनेला वेगळी खुर्ची नाही, ती क्रियापदाच्याच पोटात जाते. 'एक्झाम्स फ्राइटन मी.' परीक्षा कर्ता, मी कर्म, आणि भीती 'फ्राइटन'मध्ये. फ्राइटन, बोअर, शॉक, सरप्राइज, वरी, कन्फ्यूज, एम्बॅरस, डिसअपॉइंट, ॲनॉय, एक्साइट ही सगळी क्रियापदं याच घराण्यातली. माणसापासून सुरुवात करायची तर 'आय ॲम फ्राइटन्ड ऑफ एक्झाम्स' असं 'ईडी'चं रूप लागतं. गोष्टीचं वर्णन करायचं तर 'एक्झाम्स आर फ्राइटनिंग' असं 'आयएनजी'चं. मराठीतली तीन माणसं इंग्रजीच्या दोन खुर्च्यांवर बसवायची, हे कोणी सांगितलेलंच नसेल, तर मूल तिघांनाही दाटीवाटीने बसवणारच. 'टू मी फिअर ऑफ एक्झाम इज कमिंग' असंच तयार होतं.

बोलीतल्या उसन्या शब्दांनी यात भर घातली आहे. 'टेन्शन' आपल्याकडे रुळला, पण कसा? 'मला टेन्शन आलं.' म्हणजे शब्द इंग्रजी, बैठक अस्सल मराठी. राग येतो तसं टेन्शन येतं. 'शॉक बसला', 'कॉन्फिडन्स आला', 'इंटरेस्ट वाटत नाही', सगळे आपल्या रीतीने वागू लागले. भाषा म्हणून मला मराठीच्या या पचनशक्तीचं कौतुकच वाटतं. पण 'बोअर'चं काय झालं बघा. 'लेक्चर बोअर होतं', 'मी बोअर झालो', 'मला बोअर होतंय', 'तो फार बोअर करतो', या चारही ठिकाणी मुलं एकच 'बोअर' वापरतात. कंटाळा देणारा कोण आणि घेणारा कोण, हे मराठीत बाकीच्या वाक्यावरून कळतं, म्हणून काही बिघडत नाही. इंग्रजीत मात्र तो फरक त्या शब्दाच्या शेपटात असतो. मुलाला वाटतं हा शब्द मला येतो, आणि नेमका तिथेच घात होतो.

यात एवढं काय, समोरच्याला समजतं ना, असं म्हणणारे पालक भेटतात. त्यांच्यासाठी एक घडलेली गोष्ट सांगते. माझी एक विद्यार्थिनी एका मोठ्या रुग्णालयात नर्स आहे. रात्रपाळीला तिच्याकडे शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी होत्या. घाबरलेल्या, बेचैन, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हिने त्यांचा हात धरून रात्र काढली आणि पहाटे अहवालात लिहिलं, 'पेशंट इज डिस्टर्बिंग, नॉट स्लीपिंग.' सकाळच्या पाळीच्या सिस्टरांनी वाचलं की पेशंट इतरांना त्रास देते आहे. त्या आजींना समज द्यायला गेल्या. आधीच भेदरलेल्या बाईला बोलणी बसली, मुलगा-सून दुखावले, आणि रात्रभर जागलेल्या मुलीला काय चुकलं तेच कळेना. तिला म्हणायचं होतं 'डिस्टर्ब्ड'. अस्वस्थ झालेली. तिने लिहिलं, अस्वस्थ करणारी. तिची माया, तिचं काम, सगळं बरोबर होतं. शाळेतली सगळी वर्षं इंग्रजी शिकूनही हा एक फरक तिच्यापर्यंत नीट पोचलेला नव्हता, ही गोष्ट मला फार लागली.

आता गाइडांतला आणि क्लासांतला नियम बघा: माणसासाठी 'ईडी', वस्तूसाठी 'आयएनजी'. गावोगावी हाच नियम घोकून घेतला जातो आणि तो चूक आहे. 'अवर टीचर इज बोअरिंग' हे वाक्य व्याकरणाने पूर्ण बरोबर आहे. टीचर माणूसच आहे, पण इथे तो कंटाळा देतो आहे. 'शी इज अ चार्मिंग वुमन', 'ही इज ॲन इन्स्पायरिंग लीडर' या वाक्यांत माणसंच तर आहेत. नियम पाठ केलेली मुलगी अशी वाक्यं वर्तमानपत्रात वाचते तेव्हा गोंधळते आणि मग दोन्ही सोडून देते. विचारायचं ते माणूस की वस्तू हे नव्हे. परिणाम कुठून निघाला आणि कुणावर झाला, हे विचारायचं.

आणि हे विचारायला मराठी मुलाला परकं काहीच शिकावं लागत नाही, माझं मुख्य म्हणणं हेच आहे. मराठीत एकच रचना नाही, तीन आहेत. 'मला भीती वाटली.' 'मी घाबरले.' 'त्याने मला घाबरवलं.' मूल शाळेत यायच्या आधीपासून तिन्ही बोलतं. 'मला राग आला, मी रागावले, त्याने मला चिडवलं.' 'मला धक्का बसला, मी हादरले, बातमीने मला हादरवलं.' 'मला थकवा आला, मी दमले, या चढाने मला दमवलं.' यातली पहिली रचना इंग्रजीपासून सगळ्यात लांब, आणि आपण भाषांतराला नेमकी तीच देतो. दुसरी आणि तिसरी इंग्रजीच्या दारातच उभ्या आहेत. 'मी हादरले' म्हणजे 'आय वॉज शॉक्ड.' 'बातमीने मला हादरवलं' म्हणजे 'द न्यूज शॉक्ड मी.'

म्हणून माझ्या वर्गात 'मला कंटाळा आला'वरून थेट इंग्रजीत उडी मारायची नाही. आधी मराठीतल्या मराठीत वाक्य फिरवायचं. मी फळ्यावर डावीकडे लिहिते, 'मला प्रवासाचा कंटाळा आला.' मुलं मध्ये लिहितात, 'मी प्रवासाला कंटाळले.' मग उजवीकडे, 'प्रवासाने मला कंटाळा आणला.' इथे 'कंटाळवणे' असं क्रियापद आपण फारसं वापरत नाही, तर मुलं स्वतःच 'आणला' शोधून काढतात, शोधू द्यावं. तिन्ही वाक्यं समोर आली की मगच खाली इंग्रजी. 'आय वॉज बोअर्ड', 'द जर्नी बोअर्ड मी', 'द जर्नी वॉज बोअरिंग.' मधली पायरी मराठीत चढलेलं मूल इंग्रजीत सहसा घसरत नाही.

'आयएनजी' आणि 'ईडी' यांच्यासाठीही जोडी घरचीच आहे: दमवणारा रस्ता, दमलेला माणूस. हादरवणारी बातमी, हादरलेली बाई. कंटाळवाणं भाषण, कंटाळलेले श्रोते. 'मी कंटाळवाणी आहे' असं कोणतंही मराठी मूल चुकून म्हणत नाही. फक्त त्यातल्या 'व'वर डोळा ठेवायला लावते. 'घाबरणारा' आणि 'घाबरवणारा' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि 'फ्राइटनिंग' हा दुसरा आहे. त्या नर्स मुलीला मी जुन्या वहीतून हेच काढून दाखवलं: डिस्टर्बिंग म्हणजे अस्वस्थ करणारी, डिस्टर्ब्ड म्हणजे अस्वस्थ झालेली. ती म्हणाली, 'बाई, हे इतकं सरळ होतं?'

पुढे शब्दयोगी अव्ययांचा जाच येतो. बोअर्ड विथ, फ्राइटन्ड ऑफ, इंटरेस्टेड इन, वरिड अबाउट, सरप्राइज्ड ॲट. इथे घोकंपट्टीला फारसा पर्याय नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मुलांना एवढं तरी दाखवावं की मराठीतही हाच कारभार आहे. आपण कुत्र्याला घाबरतो, भावावर रागावतो, आईची काळजी करतो, कामाला कंटाळतो. प्रत्येक शब्दाचा प्रत्यय ठरलेला, आणि तो आपण शब्दासकट शिकलो, वेगळा नाही. इंग्रजीतही 'इंटरेस्टेड' एकटा शिकवू नये, 'इंटरेस्टेड इन' असा जोडून शिकवावा. इथे तर मराठी मदतीलाच येते: रस इतिहासात असतो, म्हणून 'इन हिस्टरी'.

काही इंग्रजी क्रियापदं या घराण्यात बसत नाहीत, तीही स्पष्ट सांगावीत. लाइक, लव्ह, हेट, एन्जॉय, फिअर यांना माणूसच कर्ता लागतो. 'मला आंबा आवडतो' यात आवडणारा कोण, तर आंबा. म्हणून कर्ता आंबा, असं आपण मराठीच्या तासाला शिकतो आणि ते बरोबर आहे. इंग्रजीच्या तासाला तोच मुलगा 'मँगो लाइक्स मी' लिहितो, तेव्हा वर्ग हसतो. हसू नये. या मुलाने मराठीचं व्याकरण लक्ष देऊन ऐकलेलं असतं.

अशा वेळी मी वर्गाला एक जुनी हकिगत सांगते. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'लाइक' हे क्रियापद अगदी आपल्या 'आवडणे'सारखंच चालायचं. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने त्यासाठी राजाला नाशपतीची फळं आवडतात, असं उदाहरण दिलं आहे. त्या काळच्या वाक्यात राजा 'राजाला' अशा रूपात होता, आणि क्रियापद फळांप्रमाणे अनेकवचनी. पुढे इंग्रजीतले विभक्तिप्रत्यय झिजले. क्रियापदाच्या आधी येतो तोच कर्ता, अशी सवय लोकांना लागली. वाक्याच्या सुरुवातीला राजा बसलेला होता, त्यामुळे आवडणारी फळं कर्म झाली आणि राजा कर्ता. शेक्सपिअरच्या काळी रुळलेलं 'मीथिंक्स' हे तर सरळ सरळ 'मला वाटतं' आहे. आजच्या इंग्रजीतही 'इट सीम्स टू मी', 'इट ऑकर्ड टू मी' या रूपांत तो जुना 'मला' शिल्लक आहे. संस्कृत घेतलेली मुलं असली तर पाणिनीचं सूत्रही सांगते, 'रुच्यर्थानां प्रीयमाणः', आणि त्याचं परंपरेने चालत आलेलं उदाहरण, 'देवदत्ताय रोचते मोदकः'. देवदत्ताला मोदक आवडतो. देवदत्त चतुर्थीत, मोदक प्रथमेत. आपली वाक्यरचना मागास किंवा उलटी नाही, एका मोठ्या आणि जुन्या घराची आहे, हे ऐकताना मुलांच्या पाठीचा कणा ताठ होतो. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. इंग्रजीचा न्यूनगंड घालवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

बाकीच्या रचना त्यामानाने लवकर हाती येतात. 'मेक' घ्या. 'द मेडिसिन मेक्स मी ड्राउझी', औषधाने मला गुंगी येते. 'द स्टोरी मेड मी क्राय', गोष्टीने मला रडवलं. इथे 'टू क्राय' नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. नर्सिंगच्या मुलींना ही रचना रोजची आहे, कारण रुग्ण जे सांगतो ते बहुतेक याच जातीचं असतं: गरगरतंय, मळमळतंय, ठणकतंय, कणकण वाटते. मराठीत 'मला मळमळतंय' या वाक्याला कर्ताच नाही, शाळेत आपण त्याला भावकर्तृक क्रियापद म्हणतो. इंग्रजीला कर्त्याशिवाय चालत नाही, म्हणून 'आय फील सिक.' आणि वेळेसाठी 'इट': 'मला दोन तास लागले' म्हणजे 'इट टूक मी टू अवर्स.' या 'इट'चा अर्थ काय, असं मुलं विचारतात. अर्थ काही नाही, कर्त्याची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून तो बसवलेला आहे, असं सांगितलं की त्यांचं समाधान होतं.

आता शाळांविषयी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षं होतात. या दहा वर्षांत कर्तरीचं कर्मणी करण्याचा सराव भरपूर होतो. मुलं 'अ मँगो इज ईटन बाय राम' बिनचूक लिहितात, जे वाक्य आयुष्यात कोणी बोलत नाही. 'आय वॉज हर्ट बाय व्हॉट यू सेड' हे वाक्य मात्र त्यांना सुचत नाही, आणि त्याची गरज त्यांना आयुष्यभर पडणार असते. पलीकडच्या वर्गात मराठीचे सर प्रयोजक क्रियापदं शिकवत असतात: हसणे-हसवणे, रडणे-रडवणे, दमणे-दमवणे. अलीकडे इंग्रजीच्या बाई 'बोअरिंग-बोअर्ड' शिकवत असतात. दोघं एकच गोष्ट शिकवताहेत, आणि मधल्या सुट्टीत एका टेबलावर चहा घेतात, पण हे एकमेकांना ठाऊक नसतं. पाठ्यक्रम आखणाऱ्यांनी एवढंच करावं: सातवीत ज्या आठवड्यात मराठीला प्रयोजक क्रियापद असेल, त्याच आठवड्यात इंग्रजीला ही क्रियापदं ठेवावीत. नवा खर्च नाही, नवं पुस्तक नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात अर्ध्या दिवसाचं एक सत्र पुरेल, मात्र ते मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांना एकत्र बसवून घ्यावं.

इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही नको, असं मानणारे अनेक चांगले शिक्षक आहेत. संभाषणाच्या सरावाला ते ठीकच आहे, मीही तो तास पूर्ण इंग्रजीत घेते. पण रचना समजावताना मुलाच्या डोक्यातली मराठी काही बाहेर जाऊन बसत नाही. ती तिथेच असते आणि आपल्या पद्धतीने वाक्य जुळवत असते. तिला उघडपणे फळ्यावर आणली तर ती मदत करते. दडपली तर 'आय ॲम बोअरिंग'च्या रूपाने बाहेर पडते.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणं आहे. आपल्या विद्यार्थी पानावर इंग्रजीचे कठीण शब्द आणि त्यांचे अर्थ छापून येतात. त्या चौकटीत आठवड्यातून एकदा अशी तीन-तीन वाक्यं द्यावीत: मला भीती वाटली, मी घाबरले, त्याने मला घाबरवलं, आणि खाली त्यांची इंग्रजी. पाठीमागे परीक्षेचा धाक नसला की मुलं अशी चौकट आवडीने कापून ठेवतात. माझ्याकडे येणाऱ्यांच्या वह्यांत आपल्या पानाची कात्रणं चिकटवलेली असतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांची वाक्यं मी लिहून ठेवली आहेत. आपण कळवलंत तर लगेच पाठवते, मानधनाची अपेक्षा नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, कऱ्हाड (जि. सातारा)